काटेवाल्यांनी जुळवलेला काटा

माझे भाऊजी काटे दुरुस्त करत. किराणा दुकानातले, भंगारवाल्याकडचे, तान्ही बाळं तोलायचे, सगळे. हात सोन्याचे, पण स्वभाव असा की चूक दाखवली तर दाखवणाऱ्यालाच खोटं पाडतील. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा माझ्या ताईने कुणालाही न विचारता आपली एक द्यायचं ठरवलं. तपासण्या जुळल्या. घोडं अडलं ते भाऊजींच्या हृदयापाशी.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "किडनी बंद म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते रक्तात साठतं, प्रेशर वाढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि त्याची भिंत जाड होते. डायलिसिसचं मशीन पाणी काढतं, पण फार उपसलं तर पायात गोळे येतात, प्रेशर धाडकन पडतं. तेही हृदयाला सोसत नाही. म्हणून पाणी कमी प्या. तीन महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी करू. भिंत सुधारली तर ऑपरेशन. नाहीतर नाही."

ताई रोज पाणी मोजून द्यायची. भाऊजी तिच्यासमोर घोट घोट प्यायचे आणि दुकानात जाऊन तांब्या तोंडाला लावायचे. डायलिसिसच्या आधी वजन करतात. ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जितकं जास्त भरेल तितकं पाणी मशीन काढतं. भाऊजींचा आकडा पाहून सिस्टर सगळ्यांसमोर ओरडायची, "काका, विहीर पिऊन आलात का?" शेजारच्या खुर्चीवर चित्रकलेचे मास्तर असत. बर्फाचा खडा जिभेवर ठेवून दिवस काढणारा माणूस. त्यांच्यादेखत बोलणी खाणं भाऊजींना फार झोंबायचं.

एकदा सिस्टरच म्हणाली, "काका, आमच्या काट्याचा आकडा थरथरतो. बघता का जरा?" मी वजनांची पिशवी उचलून त्यांच्यामागे गेलो. काटा जुळवायची रीत सोपी. खरं वीस किलोचं वजन वर ठेवायचं, खालचं बटण दाबायचं, म्हणजे काटा त्यालाच वीस धरून चालतो. भाऊजींनी विसावर अर्ध्या किलोचं आणखी एक ठेवलं आणि मग बटण दाबलं. साठ किलोचा माणूस त्या दिवसापासून साडेअठ्ठावन्न भरू लागला. मी शेजारी उभा होतो, मला ओ की ठो कळलं नाही. कितीतरी दिवसांनी त्यांनीच सांगितलं, पश्चात्ताप वगैरे म्हणून नव्हे, हाताची करामत म्हणून. तेव्हापासून मला त्यांच्या ताटाला ताट लावून जेववत नाही.

शाबासकी मिळाली. एकदाच. मशीनने दीड किलो पाणी अंगातच ठेवलं, त्यावर यांचं नेहमीचं पिणं. दुसऱ्या खेपेला आकडा पुन्हा पहिल्यासारखा आणि सिस्टरही पहिल्यासारखी! सगळा जन्म काट्यांत गेला आणि एवढं साधं गणित डोक्यात शिरलं नाही. परत जुळवावा तर वजन एकदम उडी मारणार आणि बिंग फुटणार. म्हणून तसाच राहू दिला.

बाकीच्यांच्याही अंगात पाणी राहू लागलं. खोलीभर सगळ्यांची प्रेशर चढली, गोळ्या वाढल्या. सिस्टरने एकदा विचारलंही, "काका, काटा बरोबर आहे ना?"

"माझा हात लागलाय त्याला," भाऊजी म्हणाले. "शंका कसली?"

मास्तरांच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायचा. आडवं झालं की धाप लागायची. "मास्तर, तुम्हीसुद्धा?" सिस्टर म्हणाली. ते ओशाळले. "माझंच काहीतरी चुकत असेल." पुढच्या रविवारी डायलिसिसचं युनिट बंद होतं. दुपारी मास्तरांच्या फुफ्फुसात पाणी भरलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदय थांबलं.

भाऊजींची तंतरली. पुसायच्या निमित्ताने त्यांनी काटा पूर्ववत केला. साऱ्यांची वजनं वाढलेली दिसली, तेव्हा सिस्टरने एकूण एक खुर्चीला झोडपून काढलं.

सोनोग्राफी झाली. भिंत आणखी जाड. "ऑपरेशन आता विसरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई बाहेर बाकावर बसली. "मी पाणी नीट मोजलं नसेल का?" तिने विचारलं. भाऊजींनी खुशाल मान डोलावली.

त्याच आठवड्यात मास्तरांची बायको उरलेली औषधं युनिटला द्यायला आली. भाऊजी मशीनला जोडलेले, मी शेजारी स्टुलावर. ती त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही त्यांच्या शेजारी असायचात. खरं सांगा. ते चोरून पाणी प्यायचे का हो? डॉक्टर म्हणतात, अंगात फार पाणी होतं. मी तर घरात त्यांच्यासमोर कधी पेलासुद्धा उचलला नाही."

भाऊजींनी हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्यायचे. मी सांगायचो, पण ऐकायचे नाहीत."

"मला वाटायचं," ती म्हणाली, "हा माणूस माझ्याशी तरी खोटं बोलत नाही."

औषधांची पिशवी तिने टेबलावर ठेवली. खरं सांगितल्याबद्दल भाऊजींचे आभार मानले, आणि गेली.