साडू आणि दोन तारा

बालाघाट जिल्ह्यात आजवर बिघडलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी मूर्खपणामुळे बिघडली, असा आमच्या थोरल्या साडूंचा ठाम सिद्धांत आहे. उकव्याच्या खाणीत जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम करून ते निवृत्त झाले आणि मी नोकरीला आहे त्याच राईस मिलमध्ये चिकटले. शब्द मीच टाकला होता. बायकोनं टाकायला लावला. यंत्रासोबत आलेलं पुस्तक ते कधी उघडत नसत, त्यावर चहाचा कप ठेवत. खिशात टेस्टर असताना तार चालू आहे की नाही ते बोटानं पाहत, आणि झटका बसला की आमच्याकडे असं बघत, जणू तो आम्हीच दिला. त्यांनी दुरुस्त केल्यापासून आमचा मिक्सर उलटा फिरतो. विचारलं तर म्हणाले, "मिक्सर ठीक आहे. चटनी वाटली जाते ना? मंग झालं त."

गेल्या हंगामात मालकांनी धान वाळवायच्या ड्रायरला नवा कंट्रोलर बसवला. त्यानं गरम हवेचं तापमान पाहायचं, आणि पंख्याच्या मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हला, एवढ्या वेगानं चाल, असं कळवायचं. हा निरोप जाणार दोन बारीक तारांतून. "दोनच त तारा आहेत," साडू म्हणाले, "याले इंजिनेर कायले पायजे?" त्यांनी तारा जोडल्या. कंट्रोलर विचारत राहिला, ड्राइव्ह काही बोलेना. साडूंनी आधी तारवाल्याला दोष दिला, मग हवेतल्या ओलीला, मग मला. मी ड्राइव्ह विकणाऱ्यांकडे फोन लावला. तिकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, की एक कंपनी ज्या तारेला ए म्हणते तिलाच दुसरी बी म्हणते. तारांची अदलाबदल करून पाहा, जळत काही नाही.

"भाऊजी, बदलून पाहू," मी म्हणालो.

"काहून? प्लसच्या जागी प्लसच आहे. माह्या हातानं उलटी तार लागनार नाही."

इकडे ड्रायरमध्ये उकडलेलं ओलं धान भरून ठेवलेलं. वाळलं नाही तर आंबणार, जास्त तापलं तर दाणा तडकणार. साडूंनी दोन्ही तारा उपटल्या, ड्राइव्ह त्याच्या स्वतःच्या बटणांवर घेतला आणि स्टूल ओढून समोर बसले. तापमान चढलं की पंखा वाढवायचा, उतरलं की कमी करायचा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एक डोळा तापमानावर, एक बोट बटणावर. तारा बदलायला एक मिनिट लागलं असतं. ते सोडून हा माणूस स्वतःच कंट्रोलर होऊन बसला. जेवायलाही उठले नाहीत, पोळीची गुंडाळी मी हातात आणून दिली. इतका मेहनती हट्ट मी दुसरा पाहिलेला नाही. संध्याकाळी मूठभर धान सोलून पाहिलं. तांदूळ अख्खा होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मी तारा उलट्या करून जोडल्या. ड्राइव्ह लगेच बोलू लागला. साडू आले तेव्हा पंखा आपला आपण कमी-जास्त होत होता. ते बराच वेळ समोर उभे राहिले. माझा टोमणा तयारच होता.

"उलट्या होत्या काय?" त्यांनी विचारलं.

"हौ."

"बरं केलं तू," ते म्हणाले, आणि स्टूल उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं. टोमणा माझ्या तोंडातच राहिला.

हंगाम संपल्यावर ते भंडाऱ्याला मुलीकडे राहायला गेले. यंदाचा हंगाम सुरू झाला आणि परवा त्यांचा फोन आला. तब्येत विचारायच्या आधीच म्हणाले, "इकडे आभाळ आलं आहे. तिकडे पंखा किती ठेवून राह्यला?"

"मी नाही ठेवत, भाऊजी. तो आपोआप ठेवते."



"ठेवत असन," ते म्हणाले. "तरी तू एकडाव जाऊन पाहून ये."

मी जाऊन पाहून आलो. सगळं ठीक होतं.