खांद्यावरची बस

उत्तरेचा वारा असा सुटला होता की खालच्या गोदीतल्या जहाजांच्या रंगाचा वाससुद्धा समुद्राकडे पळाला होता. तसल्या थंडीत स्तामातिया अंगणात ब्लीचचं पाणी ओतून खराटा मारत होती. वय सदुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, तोंड मात्र शाबूत.

आमची वस्ती ग्रीसमधल्या पिरेउस बंदराच्या पश्चिमेला, टेकडीवर. बस पायथ्याशी थांबते, पुढं दोनशे अकरा पायऱ्या, नाहीतर लांबचा वळणांचा रस्ता. स्तामातियाची मुलगी झाफिरो खाली शहरात तळघरात राहते. तिनं आईला बजावलं होतं, "नाताळपर्यंत बस वर आली तर ठीक. नाहीतर तुला मी उचलून नेणार." चाळीस वर्षं लोकांचे जिने पुसले, आता तळघराच्या खिडकीतून लोकांचे बूट बघत बसायची स्तामातियाची तयारी नव्हती.

म्हणून तिनं पाच बायकांची समिती काढली. घरोघर जाऊन कोण किती वाजता कुठं जातं ते विचारलं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्ग काढला: बेकरी, दवाखाना, चर्च, वरची पाण्याची टाकी. नगरपालिकेचा इंजिनिअर दामियानोस नकाशा बघून म्हणाला, "मार्ग झकास आहे, बाई. पण चर्चच्या कोपऱ्यावर आठ मीटरची बस वळायची नाही."

"गुड फ्रायडेला येशूची फुलांची तिरडी वळते की. मागं सहाशे माणसं असतात."

"तिरडी म्हणजे बस नव्हे."

"मग तुमच्या मापाची करू."

तो हसला आणि मंगळवारी दहाला टेप घेऊन येतो म्हणाला. तो मंगळवार हाच.

गोदीतल्या सुतारांनी फळ्या ठोकून बसच्या लांबीरुंदीची चौकट केली होती. उचलायला आम्ही दहाजण, दरवर्षी तिरडी उचलणारेच. एवढं धूड वळणावर कसं फिरवायचं ते आम्हालाच ठाऊक. स्तामातिया येऊन म्हणाली, "सावकाश चाला रे, फळ्या निखळतील." सावकाश म्हटल्यावर आमच्या पायांना एकच चाल येते, गुड फ्रायडेची. मग तिनं चौकटीवर पांढऱ्या चादरी टाकल्या. साहेबांना लांबून दिसावं म्हणे. आणि घंटा वाजवणारा प्रोकोपिस, ज्याचा जीव तिच्या भरल्या कोबीवर, त्यानं नेमकी त्याच वेळी मयताची घंटा धरली.

झालं. सज्जे उघडले. म्हातारी एवांथिया झोपायच्या झग्यात धुपाटणं घेऊन बाहेर आली. पटापट हात कपाळाला लागायला लागले.

"अगं, नोव्हेंबरात गुड फ्रायडे?"

"पाद्रीबुवांना ठाऊक. तू आधी डोक्यावर काहीतरी घे."

कोपऱ्यावर थ्रासोस मासेवाल्याची गाडी. गुड फ्रायडे सोडला तर अकरा वर्षं तिथून हलली नव्हती; पोलिसांनी दंडाच्या चिठ्ठ्या लावल्या, त्यात त्यानं मासे बांधले. पण तिरडीच्या वाटेत गाडी ठेवली तर वर्षभर जाळं रिकामं येतं, असं आमच्यात मानतात. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून थ्रासोस धावत आला आणि उतारावरून गाडी पार मागं घेऊन गेला.

आम्ही वळलो. भिंतीकडं दोन वीत जागा उरली.

दामियानोसनं टेप गुंडाळली. "कोपरा लहान नव्हताच की."

"माशांनी अडला होता," स्तामातिया म्हणाली.

एवढ्यात थ्रासोसनं चादर उचलून बघितली. "फळ्या? मावशी, मला फसवलंस?"

"मी अवाक्षर बोलले का? घंटा प्रोकोपिसनं वाजवली."

तो तरातरा गाडीकडं निघाला. स्तामातियानं बेकरीच्या दारातली खुर्ची ओढली आणि मोकळ्या जागेत बसली.

"ऊठ मावशी."

"गुडघा. एकदा बसले की उठवत नाही."

दामियानोस म्हणाला, "बाई, बस काही रोज घंटा वाजवत यायची नाही. ही जागा कायम मोकळी राहणार नसेल तर मी सही करत नाही."

तेव्हा तिची थट्टा थांबली. "थ्रासोस, नाताळनंतर मी इथं नसेन. एवांथियाचंही खाली जायचं घाटतंय. वरच्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्यात. मग मासे कुणाला विकशील, मांजरांना?"

त्यानं धुपाटणं घेऊन उभ्या एवांथियाकडं बघितलं.

"चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीशी जागा आहे. खडूनं आखून ठेवलीय. सावली दोन वाजेपर्यंत."

"दोन? नक्की?"

"समितीनं आईस्क्रीम ठेवून बघितलंय."

थ्रासोसनं गालावरचा वाळलेला साबण बाहीला पुसला. मग गाडी सुरू केली आणि खडूच्या रेघांत नेऊन लावली. एक चाक मुद्दाम रेघेबाहेर. दामियानोसनं सही केली: तीन महिने चाचणी, दिवसाला चार फेऱ्या. स्तामातियानं कागद तीनदा वाचून घेतला, तिसऱ्यांदा मोठ्यानं, आणि मुलीला दाखवायचा म्हणून घडी घालून कमरेला खोचला.

थ्रासोसनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली मांदेली तिच्या मांडीवर टाकली. "घे. फसवल्याची मजुरी."

"लहानच दिलीस मेल्या," ती म्हणाली. तशीच लंगडत घरी गेली, उंबऱ्यावर पातेलं घेऊन बसली आणि माशांची डोकी मोडायला लागली.