वेळेअभावी सोडलेली स्लाइड

दुपारचे अडीच. कॅन्टीनच्या पुलावाने आपलं काम चोख बजावलं आहे आणि शर्वाणी घैसास यांच्या पापण्या गणित विभागाच्या प्रमुखांना अजिबात शोभणार नाही अशा मिटत चालल्या आहेत. समोर मिरजेची रझिया मुजावर गाठींवर व्याख्यान देते आहे. दोरीला पडलेली कुठली गाठ न कापता सुटेल आणि कुठली जन्मात सुटणार नाही, हे ओळखायची एक युक्ती या मुलीने शोधली आहे. विभागातली एकुलती एक जागा तिला मिळायची की नाही, ते आज इथेच ठरणार. बाहेरून आलेले तज्ज्ञ चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता बसलेत. पलीकडे प्राध्यापक कुंटे टपलेले. व्याख्यान संपलं, की दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत ते म्हणतात, "हे तर एका रशियनाने बासष्ट सालीच केलंय." तो रशियन आजवर कुणाला सापडलेला नाही, उमेदवार मात्र दोन गारद झालेत. म्हणून आज पहिला प्रश्न आपणच विचारायचा, असं शर्वाणीबाईंनी सकाळीच ठरवलंय. त्यासाठी जागं राहायला हवं, एवढीच काय ती अडचण.

रझियाचा आवाज लांब लांब जातो. खुर्ची हलकेच थडथडायला लागते.

शेजारी खिडकीपाशी नेवाळकर सर बसलेत. डोळ्यांवर रुमाल, मांडीवर स्वेटर. सर जाऊन चार वर्षं झाली हे शर्वाणीबाईंना पक्कं ठाऊक आहे, पण भरल्या एसटीत हा विषय काढायचा कसा?

"आलीस?" रुमालाआडून सर विचारतात. "बस, जरा सरकून बस."

"सर, तुम्ही इथे?"

"मी नेहमी इथेच असायचो. तुम्हाला वाटायचं, पहिल्या रांगेत घोरतोय."

घोरायचे ते खरंच. तीस वर्षं सर एकूण एक व्याख्यानाला झोपले, आणि टाळ्यांनी जागे होऊन असा प्रश्न विचारायचे, की वक्त्याचा चेहरा उजळायचा. शर्वाणीबाईंना नोकरी लागली तीही तशाच एका प्रश्नामुळे. ती झोप खरी की सोंग, यावर विभागात अजून वाद होतात.

गाडी रझिया चालवते आहे. 'प्रमेय दोन' नावाचा थांबा मागे पडतो. कंडक्टर कुंटे तिकिटाचा चिमटा वाजवत येतात. "हा रस्ता रशियनांनी बासष्टमध्येच बांधलाय. उतरा सगळे!"

सगळे मुकाट उतरतात ते थेट सरांच्या गच्चीवर. प्लॅस्टिकवर कुरडया वाळत घातल्यात आणि तज्ज्ञ मंडळी उकिडवी बसून प्रत्येकीचं टोक शोधतायत. सर पाण्याच्या टाकीवर खडूने काहीतरी लिहितायत.

"सर, आता तरी खरं सांगा. माझं व्याख्यान तुम्ही ऐकलं होतंत?"

"छे गं. गाढ झोपलो होतो."

शर्वाणीबाईंना रागच येतो. चोवीस वर्षं ज्या कौतुकावर काढली, ते झोपेतलं निघावं! "मग नेमकं त्या उदाहरणाबद्दल कसं विचारलंत?"

"तू म्हणालीस ना, 'वेळेअभावी हे सोडते'? तेवढं कानावर पडेपर्यंत जागायचं. ज्याच्यावर माणूस सगळ्यात जास्त खपलेला असतो, तेच तो सोडतो, लोकांना कंटाळा येईल म्हणून. आपण तेच विचारायचं."

"एवढंच?"

"एवढंच. बाकीचं छापून येतंच की."

त्या उदाहरणावर शर्वाणीबाईंचे सात महिने गेले होते, आणि सरांशिवाय त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. त्यांचे डोळे भरून येतात. सरांना वाकून नमस्कार करावा असं वाटतं, पण मध्ये कुरडया आहेत.

खालून टाळ्यांचा आवाज येतो.

"अगबाई, संपलं! सर, मी तर तेवढं एक वाक्यसुद्धा ऐकलं नाही. काय सोडलं हो तिने?"

"मला काय विचारतेस? मी मेलोय. तिला विचार."

"म्हणजे मी झोपले होते ते सगळ्यांना कळणार."

"कळू दे! माझं कळायचंच ना? तुझी अब्रू मोठी की तिची नोकरी?" असं म्हणून सर खडूने भरलेल्या हाताने त्यांचं मनगट धरतात आणि जोरात वर ओढतात.

शर्वाणीबाई जाग्या होतात तेव्हा त्यांचा हात वर आहे. अख्खं सभागृह त्यांच्याकडे बघतंय. कुंट्यांचं तोंड अर्धवट उघडून थांबलंय. कुणीतरी माइक आणून देतं.

"मला जरा डुलकी लागली होती," शर्वाणीबाई सांगून टाकतात. हशा पिकतो. कान तापतात, पण त्या थांबत नाहीत. "रझिया, वेळेअभावी तुम्ही काहीतरी सोडलं असणार. ते काय होतं?"

रझिया "खरंच दाखवू?" म्हणत भराभरा स्लाइड मागे नेते. पडद्यावर एक साधीशी गाठ येते, निळ्या शाईने हाताने काढलेली.

"हिने माझं सव्वा वर्ष खाल्लं, मॅडम," ती म्हणते, आणि पहिल्यांदाच हातातल्या कागदाकडे न बघता बोलायला लागते. मध्येच हसते, मध्येच स्वतःलाच अडवते. तज्ज्ञ खुर्ची पुढे ओढून पेनाचं टोपण काढतात.

शर्वाणीबाई हात खाली घेतात. मनगटावर खडूचे चार पांढरे ठसे आहेत आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक. या सभागृहातला फळा काढून बारा वर्षं झालीत. त्या ठसे पुसले जाऊ नयेत अशा बेताने मनगटावर पदर घेतात आणि रझियाचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत जाग्या राहून ऐकतात.