देवराईचं मत
ओल्या घोंगडीचा वास आला की मला पासली गावाच्या वरच्या अंगाची धनगरवाडी आठवते. लोकसभेची पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि मी तिथं नवा मास्तर होतो. एका संध्याकाळी देवराईच्या कडेला, उतरत्या धुक्यात, दिल्लीत कायदा कसा होतो ते मी वाडीला सांगत होतो: विधेयक तीनदा वाचतात, मग सभापती आधी विधेयकाच्या बाजूच्यांना 'हो' म्हणायला सांगतात, नंतर विरोधातल्यांना 'नाही', आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांचं खरं. म्हटलं, आपणही करून बघू. प्रस्ताव खराच होता, शाळेच्या छपरासाठी देवराईतली एक जांभूळ तोडायची. अशा कामाला आधी देवाचा कौल लावतात. मी म्हटलं, आता मतंच घेऊ. बाजूचे कोण विचारताच सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय." मग विरोधातले विचारले. कुणाचे ओठ हलले नाहीत, पण झाडांच्या आतून सावकाश आवाज आला, "न्हाई." पडसाद म्हणावा, तर तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. बसलेली मेंढरं उठून उभी राहिली. मी कसंबसं म्हणालो, "एकच मत आहे. बहुमत आपलं." वाडीतले सगळ्यात वयस्क आजोबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोलला एक, मास्तर. आत हाईत लई." जांभूळ तशीच राहिली, पोरं पावसाळाभर घोंगड्यांखाली बाराखडी शिकली. हल्ली टीव्हीवर लोकसभा लागते. सभापती विरोधातल्यांना विचारतात, तेव्हा मी आवाज बंद करतो आणि खिडकीबाहेर कान देतो.