झाकणाएवढी भाकरी

चन्नव्वा भाकरी थापायला बसली की परातीशेजारी पितळेच्या डब्याचं एक झाकण ठेवलेलं असे. खाणावळीत जेवणाऱ्या पंधरा-वीस गिरणीकामगारांच्या भाकऱ्या ती नजरेच्या अंदाजानं थापायची आणि त्या तव्याच्या काठाला जाऊन टेकायच्या. सगळ्यांच्या शेवटी स्वतःची एकच. ती थापून झाली की वर झाकण उपडं ठेवायचं, बाहेर आलेली कड बोटानं कापायची आणि तो गोळा दारातल्या गाईला घालायचा. एखादा नवा माणूस हे बघून हसला तर मान वर न करता म्हणायची, "हसा की. पाय माझा हाय, तुमाला काय?"

मी सोलापुरात शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला चहासुद्धा करता येत नव्हता. बाळीवेशीतली ही खाणावळ कोणीतरी दाखवली आणि पुढची सहा वर्षं मी तिथंच जेवलो. सगळे तिला अव्वा म्हणत. उंच, आडव्या हाडाची, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि आवाज असा की तीन घरं पलीकडच्या माणसाला जेवायची वेळ झाल्याचं कळावं. गिरणीच्या भोंग्यापेक्षा आमचा तिच्यावर जास्त भरवसा होता. चौथी भाकरी मागताना कोणी लाजला की ती ताटात पाचवी टाकायची.

तिचा नवरा गिरणीत होता, तो वारला. अक्कलकोटकडच्या गावाहून गुरप्पा नावाचा दीर आला आणि म्हणाला, वैनी, चला घरी, दोन वेळचं तिकडं मिळंल. चन्नव्वानं सोळा दिवस थांबून विचार केला आणि खाणावळ उघडली. मला एकदा म्हणाली, "मास्तर, तितं मी धा मानसांच्या भाकऱ्या थापनार अन् खाली मान घालून शेवटची खानार. हितं वीस मानसांच्या थापते, पन मान वर हाय." त्यामुळे तिच्या पायाचं दुखणं सुरू झालं तेव्हा नुसत्या पायाचा प्रश्न नव्हता. पाय गेला तर खाणावळ जाणार, आणि खाणावळ गेली तर गुरप्पाच्या सैपाकघरात जाऊन बसावं लागणार. हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

झालं असं की सरपणाचा ओंडका डाव्या पायाच्या बोटावर पडला आणि ती जखम दोन महिने भरेना. हळद झाली, कडुलिंब झाला, कसलासा काळा मलम झाला. बोटाला वास यायला लागला तेव्हा मी तिला जवळजवळ ओढत डॉक्टरकडे नेलं. हे मुंबईला शिकून आलेले, भारी तापट. त्यांनी तिची लघवी तपासायला मागवली. काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात तिचे काही थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखा लाल गाळ तळाशी बसला.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "हे पाणी निळं राहिलं तर पाय राहील. विटेसारखं होत राहिलं तर आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा. भात, गूळ, साखर, केळी, बटाटा बंद. एका वेळेला एक भाकरी, पालेभाजी आणि ताक. आणि एकदा जरी मोडलंत ना, तर माझ्या दारात येऊ नका. मला इतर रोगी आहेत."

पंधरा दिवस झाले तरी वीट काही हलेना. डॉक्टर भडकले. मी संध्याकाळी चन्नव्वाच्या ताटात डोकावून पाहिलं. भाकरी एकच होती, पण सुपाएवढी. मी बोट दाखवल्यावर ती शांतपणे म्हणाली, "डाक्टर एक म्हनला. केवडी ते कुटं म्हनला?" हे मी जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माणूस घरी पिटाळून स्वतःच्या सैपाकघरातल्या डब्याचं झाकण मागवलं आणि माझ्या हातात दिलं. डॉक्टरीणबाईंचा तो डबा पुढं कायमचा उघडा राहिला. चन्नव्वानं झाकण उलटंपालटं करून पाहिलं, एवढीशी चकती बघून एक कन्नड शिवी घातली आणि त्या रात्रीपासून त्या मापाशी कधी बेइमानी केली नाही.

तीन महिन्यांत वीट उतरली, पिवळं झालं, मग हिरवं. जखमेची कड गुलाबी दिसू लागली. दिवसातून दोनदा वीस माणसांना पोटभर वाढणारी, आमटीच्या वासात उभी राहणारी ही बाई झाकणाएवढ्या भाकरीवर कशी राहते याचं मला नवल वाटे. तिला भूक लागायची. ती लपवायची नाही. "भूक लागलीय," असं मोठ्यानं सांगायची आणि ताक प्यायची.

मग पौषात हुरडा आला.

दत्तू नावाचा आमच्यातला एक कामगार होता, होटगी रस्त्याला त्याच्या बापाचं रान होतं. रविवारी गिरणीला सुट्टी, त्यानं सगळ्या खाणावळीला हुरड्याला बोलावलं आणि अव्वा येणार नसेल तर कुणीच येऊ नका असं बजावलं. दोन बैलगाड्या निघाल्या. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कोवळी कणसं राखेत भाजून दत्तूचा बाप तळहातावर चोळत होता. गरम, हिरवा, दुधाळ हुरडा, शेंगाची चटणी, घट्ट दही, नवा गूळ. चन्नव्वा लांब बांधावर जाऊन बसली. फडक्यात तिची भाकरी होती.

आणि इथं मी शहाणपणा केला. सांगताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, "अव्वा, डॉक्टरांनी भाकरी चालते म्हटलंय ना? भाकरी ज्वारीची, हुरडाही ज्वारीचाच. साखर थोडीच आहे यात?" सात यत्ता शिकवणाऱ्या माणसाचं ते बोलणं. तिनं माझ्याकडे बघितलं, हुरड्याकडे बघितलं आणि हात पुढं केला.

भाकरी मोजता येते. हुरडा मोजून खाल्लेला माणूस मी सोलापूर जिल्ह्यात पाहिलेला नाही. ओंजळ रिकामी झाली की चोळणारा दुसरी टाकतो, आणि नको म्हणणं म्हणजे त्याच्या रानाला नावं ठेवणं. पहिल्या दोन ओंजळी तिनं कोरड्या खाल्ल्या. मग चटणीबरोबर, मग दह्याबरोबर, आणि मग गुळाचा खडा. तीन महिन्यांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "यप्पा, काय ग्वाड हाय!" असं म्हणत ती दत्तूच्या बापाला खुणेनं आणखी मागत होती. साकु, साकु, म्हणजे पुरे पुरे, असं तोंडानं म्हणायची आणि हात पुढंच. उन्हं उतरेपर्यंत ती खात होती आणि आम्ही मूर्खासारखे आनंदाने बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल सुजलं होतं. जखमेची गुलाबी कड पुन्हा काळपट दिसत होती. गुरप्पा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी दोन दिवस आधीच येऊन राहिला होता. तो वाईट माणूस नव्हता. जगात बहुतेक लोक विचार करतात तसाच विचार करणारा होता. म्हणाला, "वैनी, पथ्य तर मोडलं तुमचं. आता चार दिसांवर संक्रांत हाय. शेंगापोळ्या खावा, जत्रा बघा. अमावस्या झाली की नव्यानं धरा. आन् पाय ऱ्हातोय असं काय दिसत न्हाई. उगं जिवाला कशाला जाळता? चला गावाकडं."

मला रडू यायचंच बाकी होतं. मी दुसरं टोक गाठलं. "अव्वा, माझं चुकलं. आज तुम्ही निरंकार राहा. पाणीसुद्धा नको. कालची भरपाई होईल."

ती परातीपुढं बसली होती. हात थांबले नाहीत.

"मोडायला ते काय सोळा सोमवार हायत का, भावजी? देवाला शबुद दिलता का मी? पायाला दिलाय. अन् पाय अमावस्या-पुनव बघत न्हाई." मग माझ्याकडे वळली. "आन् तुमी मास्तर, अक्कल तुमी पाजळली, पन तोंड माझंच व्हतं की. काल लई खाल्लं म्हनून आज उपाशी ऱ्हाऊ? उपाशी ऱ्हायले तर सांजच्याला तुमच्या वीस जनांची आमटी पातेल्यासकट पिऊन टाकीन. मी काय चोरी न्हाई केली शिक्षा भोगायला. जेवले. आता परत जेवायची येळ झालीया, ती भाकरी झाकनाएवडी."

तिनं झाकण ठेवलं, कड कापली, भाजली आणि मेथीच्या भाजीबरोबर आमच्या डोळ्यांसमोर खाल्ली. रोजच्यापेक्षा घासभर जास्त नाही की कमी नाही. मी पुन्हा तोंड उघडलं, "हुरडा नकोच होता," तर माझ्यावर डाफरली, "हुरड्याला नावं ठेवू नगा. लई ग्वाड व्हता."

मग औषधाच्या रिकाम्या बाटलीत लघवी भरून घेतली आणि म्हणाली, चला डॉक्टरकडं.

मी हादरलो. म्हटलं, डॉक्टरांनी काय बजावलंय विसरलात? चार दिवस कडक राहा, रंग हिरवा झाला की मग जाऊ, त्यांना कळणारही नाही. शहरात डॉक्टरकडे जाणारे सगळे असंच करत, मीही केलं असतं.

"चार दिसांनी दावलं तर डाक्टर काय बघनार? माझी लबाडी? पाय त्यो बघनार हाय का माझं त्वांड?"

नळीत वीट आली. मी पाहिलेली सगळ्यांत लाल. डॉक्टरांनी नळी ठेवली, चष्मा काढला.

"मी काय सांगितलं होतं?"

"मोडलं तर दारात येऊ नगा म्हनला व्हता."

"मग?"

"म्हनून तर दारात थांबले न्हाई. सरळ आत आले."

पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "किती खाल्लंत?"

"मोजलं न्हाई. हुरड्याला तुमी झाकन दिलं न्हाई."

"आणि आज?"

"झाकनाएवडी. मेथी अन् ताक."

 डॉक्टर उठून तिच्या पायापाशी खाली बसले. एरवी पट्टी सोडायचं काम कंपाउंडरचं. त्या दिवशी त्यांनी स्वतः सोडली, जखमही स्वतः धुतली. "रोगी मला निळा रंग आणून दाखवतात बाई," ते खाली बघतच म्हणाले, "आणि पाय घेऊन येतात तो सडलेला. परवा पुन्हा या. रंग कुठलाही असो, या."

संक्रांतीला तिनं आम्हाला शेंगापोळ्या केल्या. स्वतः झाकणाएवढी बाजरीची भाकरी खाल्ली आणि गुरप्पाला चार पोळ्या बांधून देऊन एकट्यालाच गावी धाडलं. ते बोट काही वाचलं नाही. माघात डॉक्टरांनी ते कापलं. पण काळं तिथंच थांबलं. चैत्रात जखम पूर्ण भरली आणि ती एका बाजूला किंचित झुकून, पण दोन्ही पायांवर, चुलीपुढं उभी राहिली.

पुढं माझी बदली बार्शीला झाली. लग्न झालं, संसार झाला, सोलापूरला जाणं वर्षातून एखाद्या वेळेला. चार वर्षांनी दत्तूचं पत्र आलं की अव्वाला छातीत थंडी भरून ताप आलाय. मी पोचलो तेव्हा ती गेलेली होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिला भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं, कपाळावर विभूती, गळ्यात फुलं. खाणावळीतली माणसं अंगणात मावत नव्हती. कित्येकांना मी ओळखतही नव्हतो, पण त्यांची रडण्याची पद्धत ओळखीची होती. पोटभर जेवलेली माणसं होती ती.

गुरप्पा लोकांना सांगत होता, "लई पथ्य केलं बिचारीनं. पन एकदा हुरड्याला मोडलं अन् तितनं घसरली ती घसरली. तवा धीर धरला असता तर आज जिती असती."

मी शाळामास्तर. चारचौघांत आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या दिवशी चढला.

"एकदा?" मी म्हणालो. "गुरप्पा, मी सांगतो. हुरड्याला मोडलं. दत्तूच्या लग्नात गुळाच्या हुग्गीच्या तीन वाट्या खाल्ल्या. माझा मुलगा झाला तेव्हा पेढ्यांचा अर्धा पुडा माझ्यासमोर संपवला. न पाहिलेलं वेगळंच. आणि प्रत्येक वेळी पुढच्या जेवणाला झाकण ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी विटेचा रंग घेऊन डॉक्टरकडं गेली. घसरली म्हणे! तापानं गेली ती, जसं कोणीही जातं. घसरली असती तर आज बसवायला दोन पाय उरले असते का? मांडी बघा तिची!"

 गुरप्पानं खाली पाहिलं. मी पुढं होऊन त्या मांडीशी वाकलो. नऊ बोटं होती. त्यांवर डोकं ठेवलं आणि मग मात्र मला आवरलं नाही.