अनीसने वेगळं ठेवलेलं

अनीस गेल्याचं मला भूषण सरांनी ऑफिसच्या जिन्यात सांगितलं. मी वर चढत होते, ते खाली उतरत होते. ते म्हणाले, "प्रज्ञा, अनीस सकाळी गेला. दारव्ह्यालाच, घरी." मी ‘बरं’ म्हटलं. माणूस गेल्याचं ऐकून बरं म्हणणारी बाई कशी असेल, असं नंतर फार वाटलं. पण त्या दिवसांत मी इतकी थकलेली होते की दुःखसुद्धा लगेच आत शिरलं नाही. काळीपिवळी जीप पकडून दारव्ह्याला गेले. पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली होती. त्याच्या बायकोजवळ, शाहीनभाभींजवळ, बायका बसल्या होत्या, त्यांच्यात मीही बसले. अनीस कालही आमच्या वेबसाइटचंच विचारत होता, असं भाभींनी सांगितलं. मला राग आला... कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

यवतमाळात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. मालक भूषण सर, आणि कोड लिहिणारे खरे दोघंच, अनीस नि मी. बोंडअळीने कापूस पोखरला ती वर्षं. उरलेला माल विकायला केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागायच्या, म्हणून एका खरेदी केंद्रासाठी आम्ही नंबर लावायची साइट बनवली. शेतकऱ्याने नाव नोंदवायचं, दिवस मिळवायचा, त्या दिवशी माल आणायचा. ऐकायला सोपं. पण वरून नियम येत, बदलत, पुन्हा बदलत. कापसात ओलावा जास्त निघाला की गाडी परत जायची, आणि त्या माणसाला माल वाळवून आणल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागायचं. अनीसला ते पटेना. त्याने भांडून ‘परतीचा नंबर’ मंजूर करून घेतला. एकदा परत पाठवलेल्या गाडीचा रांगेतला नंबर राखून ठेवायचा, वाळवून आणली की सरळ आत.

वाचकांना आमच्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. साइटची माहिती तक्त्यांत असते: शेतकऱ्यांचा एक तक्ता, गाड्यांचा एक. आम्ही जे फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा तयार सांगाडा, वापरतो ते तक्ता बघून स्वतःच कोडची फाइल लिहून देतं. तिला मॉडेल क्लास म्हणतात. तक्त्यात एक रकाना वाढला की कमांड चालवायची, ते नवी फाइल लिहून जुनीवर ठेवतं. जुनीत तुम्ही हाताने काही लिहिलं असेल तर गेलं. यंत्राला त्याचं काय! आणि आम्ही दोघंही घाईत त्याच फाइलींत आमचे नियम खुपसत होतो. जागा समोर दिसतेय, लिही तिथेच, झालं काम.

अनीसच्या किडन्या तोवर गेलेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका दुपारी मोबाइल नंबरचा रकाना वाढवायचा होता आणि त्याची दवाखान्यात जायची वेळ झाली होती. त्याने कमांड चालवली आणि गेला. परतीच्या नंबरचा नियम त्याच फाइलीत हाताने लिहिलेला होता, तो पुसला गेला. दुसऱ्या दिवशी केंद्रावर वाळवलेला कापूस घेऊन गाड्या आल्या आणि एकाचंही नाव निघेना. अनीस तसाच उठून तिकडे गेला. मी सोबत होते. फाटकावर एक म्हातारे शेतकरी चिडलेले नव्हते, नुसते दमलेले होते. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या मशिनीनं आमचा नंबर खाल्ला."

"मशिनीनं नाही काका," अनीस म्हणाला, "म्या खाल्ला."

केंद्रावरच्या साहेबांच्या हातापाया पडून त्याने त्या गाड्या आत घ्यायला लावल्या. दिवसभर उन्हात उभा. त्याला पाणी मोजून प्यावं लागायचं, म्हणून लिंबाची फोड चोखत होता. परतताना जीपमध्ये म्हणाला, "हे काम माह्यावर टेकून उभं हाये, प्रज्ञा. अन् मी कायवर टेकू?"

दुसऱ्याच दिवसापासून त्याने फोल्डर वेगळे करायला घेतले. एक ‘यंत्राचं’, एक ‘आपलं’. यंत्राने लिहिलेले क्लास पहिल्यात, त्यांना कुणी बोट लावायचं नाही. दुसऱ्यात त्याच नावाचा आपला क्लास, जो यंत्राच्या क्लासकडून सगळं घेतो आणि वर आपले नियम जोडतो. पुस्तकात हे असतंच. पण अनीस ते पुस्तकातून शिकला नव्हता. त्याच्या अब्बांचं दारव्ह्यात गॅरेज, आता ते त्याचे भाऊ सलीमभाई चालवतात. अब्बांचा दंडक असा की कंपनीच्या पार्टला कानस मारायची नाही. काही जुळवायचं असेल तर आपली पट्टी वेगळी बनवायची आणि वरून कसायची. पार्ट बदलला तरी पट्टी राहते. आपण एवढे शिकलो आणि पार्टच घासत बसलो, असं तो स्वतःवरच हसायचा.

भूषण सरांना हे पसंत नव्हतं. माणूस वाईट नाही, पण चालत्या साइटच्या फाइली दुप्पट करून काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नव्हतं. अनीस वाद घालून दमला आणि वाद सोडून दिला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसायचं, तरी यायचा, एखादा क्लास हलवायचा, खुर्चीत मान टाकून पडायचा. चहा मागवायचा, दोन घोट घ्यायचा आणि कप माझ्याकडे सरकवायचा. माझ्या पोटात त्या वर्षी किती चहा गेला असेल! मग मला कमांड चालवायला लावायचा. सगळे क्लास नव्याने लिहून घे, म्हणायचा, आणि बघ आपलं काही जातं का. स्वतः हाताची घडी घालून बसायचा. काही अडलं तरी सांगायचा नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "तू इथंच बसला हायस ना? मग सांगत काहून नाही?"

"मी नाही असं समज."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला घाई कसली आहे हे मला कळत होतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी शेतकऱ्यांचा क्लास राहिला होता, परतीच्या नंबरचा. तोही त्याने हलवला. त्यानंतर तो ऑफिसला आला नाही.

आता यंदाचा हंगाम सुरू झालाय. गेल्या आठवड्यात वरून नवे रकाने आले. मी कमांड चालवली. ‘यंत्राचं’मधल्या सगळ्या फाइलींवर आजची तारीख पडली. ‘आपलं’मधली एकही हलली नाही. त्याला हवं होतं तसंच झालं. मला मात्र जरा तरी बिघडायला हवं होतं... त्याच्यावाचून अडलं, असं म्हणता आलं असतं.

मग दुसरा निरोप आला. यंदा हवा दमट आहे, परतीच्या नंबराला कापूस वाळवायला तीन दिवस जास्त द्या. म्हणजे शेतकऱ्यांचा क्लास उघडणं आलं. त्या फाइलीसमोर तो शेवटचा ऑफिसला आला त्या दिवसाची तारीख होती. मी आकडा बदलला आणि हात मागे घेतले. सेव्ह केलं की ती तारीख जाणार होती. जुनी प्रत कुठेतरी ठेवून देता आली असती, पण ती फाइल काही जपून ठेवायची वस्तू म्हणून त्याने लिहिली नव्हती. भूषण सर दारात येऊन उभे राहिले. बाहेर कुठेतरी कापूस अंगणात पसरलेला असेल, आणि माणसं आभाळाकडे बघत असतील.

मी सेव्ह केलं. अनीसच्या फाइलीवर आजची तारीख आली.