रस्त्याचा जबाब

नाना कुठल्याही गावात एसटीतून उतरले की सरळ दलित वस्तीत जात आणि पहिला प्रश्न विचारत, "तुमनं मयत कोठे लई जातस?" पाहुण्याने चहाच्या आधी असलं काही विचारावं, याची मला फार लाज वाटे. लोक एकमेकांकडे बघत. मग एखादी म्हातारी बोलायला लागे आणि नानांचं पेन चालू होई.

जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका तहसील कचेरीत नाना रेकॉर्ड रूम सांभाळत. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नाना स्मशानांच्या मागे लागले. कुठल्या वस्तीला कागदावर स्मशानभूमी आहे, कुठल्या वस्तीला खरोखर आहे आणि तिथवर जायला रस्ता आहे का, एवढंच ते टिपत. सातबारा काढत, गावनकाशा काढत, मग पायी जाऊन बघत. माझी नोकरी चालूच होती, सुटीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत जाई. एका गावी नकाशावरच्या जागेत कोणाची तरी कांदाचाळ निघाली. मी संतापलो. नानांनी फक्त लिहिलं : कागदावर स्मशान, जागेवर कांदा.

स्वतःचा एक शब्द ते घालत नसत. "आपलं मत लिखं का कागद नासना," म्हणत. जबाब लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवत आणि समोरचा "बरोबर शे" म्हणेपर्यंत सहीला कागद पुढे करत नसत.

अशाच एका गावात वस्तीच्या स्मशानाचा रस्ता एका म्हाताऱ्या पाटलाच्या बांधावरून जात होता. गाव त्याला बापू म्हणे. बापूने सरळ सांगितलं की रस्ता आजोबांच्या काळापासूनचा आहे, कोणी अडवायचा नाही. सहीही केली. परतताना नानांनी मला स्वतःच्या खिशातून भजी खाऊ घातली. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

नानांनी सगळे जबाब मूळ कागदांसह आमच्याच कचेरीत दाखल केले. "नाना, एक झेरॉक्स तरी ठेवा," मी म्हटलं. ते हसले. "तीस वरीस रेकॉर्ड सांभाळं मी. सरकारमा गया कागद मरत नई." हयातभर त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता, म्हणून त्यांना वाटे की सगळी कचेरी तशीच आहे. माझ्या खिशात मोबाइल होता. दोन फोटो काढायला काय जात होतं माझं?

फाइल माझ्याच टेबलावर आली. साहेब म्हणाले, "किरकोळ आहे, निकाली काढा." कचेरीत निकाली कागदाला वर्ग द्यावा लागतो. अ म्हणजे कायम जपायचा, ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा. मी ड लिहिलं. अ लिहिलं असतं तर कोणी फासावर चढवणार नव्हतं. पण साहेबांनी भुवई उंचावली असती आणि माझ्यासारख्याला तेवढं पुरतं. वर्षाने गठ्ठा नष्ट झाला. नष्ट केलेल्या कागदांच्या यादीखाली सही माझी.

त्यानंतर बापू वारला. मुलाने रस्त्यावर तारेचं कुंपण घातलं. वस्तीची प्रेतं नाल्यातून जाऊ लागली, पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून. लोकांनी अर्ज केला, तर तहसीलदारांनी जुन्या रस्त्याचा पुरावा मागितला. नाना हसतमुखाने माझ्याकडे नक्कल घ्यायला आले.

मी यादी पुढे केली. त्यांनी माझी सही बराच वेळ पाहिली. "नियमप्रमाने बरोबर शे," ते म्हणाले. "तुले मीच शिकाडेल शे." मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि माझा जबाब लिहिला. बापूचा जबाब कचेरीच्या आवक रजिस्टरात नोंदला होता, त्यात रस्ता कबूल होता, मी स्वतः वाचून त्याला ड वर्ग दिला. मग तो कचेरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

"बरोबर शे का?"

"बरोबर आहे."

"मंग सही कर. तहसीलदारले इतलं तरी दखाडू."

"नाना, नोकरीची सात वर्षं राहिलीत," मी म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि गेले. पुन्हा कचेरीत आले नाहीत.

दीड वर्षाने नाना गेले. जळगावात अंत्ययात्रा डांबरी रस्त्याने सुखाने निघाली. त्या वस्तीतली पंधरा-वीस माणसं टेम्पो करून आली होती. त्यांच्यातली एक अक्का माझ्यापाशी आली. "नाना सांगेत, हपीसमा आपला एक माणूस शे. भला शे. सही देई तो, थोडा टाइम लागी." माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "तुम्हीच का ते भाऊ?"

मी म्हणालो, "नाही, मी शेजारी."